टँकच्या कॅसेटमधली तीन नावं

सांगली, मिरज, कराड, सातारा या पट्ट्यात १९९०च्या दशकात लहानाचा मोठा झालेल्या कुणापुढे 'बॅटल सिटी' हे नाव घेऊन पाहा. काही बोध होणार नाही. मग 'टँक' म्हणा. लगेच सुरू होईल : विटांच्या भिंती, खाली मधोमध विटांच्या आडोशाला बसलेला गरुड, फावडं मिळालं की काही वेळ त्या विटांचं होणारं पोलाद, एकेका लेव्हलला शत्रूचे वीस-वीस रणगाडे. आणि आपली गोळी चुकून जोडीदाराला लागली की त्याचा रणगाडा जागच्या जागी थिजायचा आणि दोघा भावांत खरी लढाई पलंगावर जुंपायची. मे महिन्याच्या सुट्टीत आत्याकडे जमलेली पोरं पाच-सहा, रिमोट दोनच. त्यामुळे 'पुढचा डाव माझा' यावरून होणारी वादावादी हाही त्या गेमचाच भाग होता.

हा गेम जपानच्या नामको कंपनीचा. निन्टेंडोच्या 'फॅमिकॉम' या यंत्रासाठी तो ९ सप्टेंबर १९८५ रोजी बाजारात आला. त्यानंतर चारच दिवसांनी, १३ सप्टेंबरला, 'सुपर मारिओ ब्रदर्स' आला. आपल्या पिढीच्या निम्म्या सुट्ट्या खाऊन टाकणारे दोन्ही गेम एकाच आठवड्यातले. अस्सल फॅमिकॉम इकडे फारसा कुणी पाहिला नाही. आल्या त्या त्याच्या नकला. कुणावर समुराई, कुणावर मीडिया असं लिहिलेलं, पुष्कळांवर काहीच नाही. सोबत '९९९९ इन १' छापलेली कॅसेट. त्यात गेम असायचे मोजके. तेच ते गेम सुरुवातीचा एखादा आकडा बदलून, वेगळ्या नावाने, यादीत पुन्हा पुन्हा घातलेले.

त्यातला टँकचा गेम एकूण २४ किलोबाइटचा. १६ किलोबाइट प्रोग्रॅम आणि ८ किलोबाइट चित्रं, बस. रोज सकाळी नातेवाइकांच्या ग्रुपवर येणारं गुलाबाच्या फुलाचं 'सुप्रभात' याच्या कितीतरी पट जड असतं. आणि एवढ्याशा जागेत ३५ लेव्हल, आवाज, संगीत, शत्रूची अक्कल, दोन खेळाडू आणि स्वतःचा नकाशा बांधायची सोय. जिथे एकेक बाइट मोजून खर्च केलेला आहे, तिथे फालतू काही उरलेलं असणार नाही असंच कुणालाही वाटेल.

तर तो २४ किलोबाइटचा ऐवज फाइलच्या रूपात घेऊन हेक्स एडिटरमध्ये उघडायचा. हेक्स एडिटर म्हणजे फाइलमधला प्रत्येक बाइट षोडशमान आकड्याच्या (शून्य ते नऊ, मग ए ते एफ) रूपात दाखवणारा प्रोग्रॅम. तो एका ओळीत सोळा बाइट मांडतो, आणि उजवीकडे त्याच बाइटांची रोमन अक्षरं केली तर काय दिसेल ते दाखवतो. बहुतेक वेळा तिथे नुसता कचरा दिसतो : ठिपके, कंस, प्रश्नचिन्हं. इथे मात्र पहिल्या ओळीत फाइलचं शीर्षक संपतं आणि लगेच खाली, एकाखाली एक, तीन माणसं उभी असतात : र्‍योइची ओकुबो, ताकेफुमी ह्योदो, जुन्को ओझावा. प्रत्येक नाव नेमकं सोळा घरांचं. पहिल्या नावाची अक्षरं मधल्या जागेसकट चौदा होतात, म्हणून पुढे दोन रिकाम्या जागा. दुसरं बरोबर सोळा. तिसरं अकरा, म्हणून पाच रिकाम्या. जागेची एवढी मारामार असताना अठ्ठेचाळीस बाइट नावांवर, आणि त्यातही सात बाइट कोऱ्या जागांवर!

तिथवर पोचण्यासाठी कॅसेटमधला मजकूर बाहेर काढावा लागतो, आणि ते काम दिसतं तितकं सोपं नाही. कॅसेटचं प्लॅस्टिक उघडलं की हिरव्या पट्टीवर साठ पिना आणि मधोमध एक काळा गोळा दिसतो. त्या गोळ्याखाली नागडी चिप असते. वर इपॉक्सीचा लेप दिलेला. ती सुटी करता येत नाही, बदलता येत नाही. दुरुस्तीवाल्याकडे असली कॅसेट नेली तर तो एकच गोष्ट बघतो. "चालतीय न्हवं? मग उघडताय कशाला?" त्याचंही बरोबर आहे. कृष्णाकाठच्या घरांत तर चालणाऱ्या कॅसेटी राहिल्यात किती हाच प्रश्न आहे. २००५, २०१९, २०२१ अशा तीन महापुरांत माळ्यावर न चढवलेलं जे जे होतं ते गेलं. २०१९च्या ऑगस्टमध्ये सांगलीच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं होतं. तेव्हा घरातून बाहेर पडताना व्हिडिओ गेमची पिशवी कोण उचलणार?

कॅसेट कोरडी असेल तर मात्र गोळ्याला हात न लावता पिनांवरूनच सगळं वाचता येतं. काही पिनांवर पत्ता मांडायचा, म्हणजे 'मला अमुक नंबरचं घर दाखव', आणि दुसऱ्या आठ पिनांवर त्या घरातला बाइट हजर होतो. तो टिपायचा, पत्ता एकाने वाढवायचा. प्रोग्रॅमच्या भागात अशी घरं १६,३८४. पंचवीस-तीस तारा जोडून एखादा हौशी इंजिनिअर घरबसल्या हे करू शकतो. कायदेशीर प्रत असेल तर प्रोग्रॅम कसा चालतो याचा अभ्यास करायची मुभा आपल्या १९५७च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये आहे. '९९९९ इन १'ला कायदेशीर प्रत म्हणावं का, हा प्रश्न न विचारलेला बरा.

नावांकडे येऊ. ती पाहून पहिला तर्क असा येतो, की ही कारागिरांनी चोरून केलेली सही आहे. तर्काला आधारही आहे. त्या काळात गेम बनवणाऱ्यांची नावं कंपन्या सहसा छापत नसत. अमेरिकेत अटारी कंपनीच्या वॉरन रॉबिनेटने १९७९ मध्ये 'अॅडव्हेंचर' गेम लिहिताना आपलं नाव एका गुप्त खोलीत दडवलं होतं. एका ठिपक्याएवढ्या वस्तूला उचलून नेल्याशिवाय त्या खोलीची भिंत ओलांडता येत नसे. तो कंपनी सोडून गेल्यावर एका मुलाच्या पत्रातून ते उघडकीला आलं. ओकुबो हा 'बॅटल सिटी'चा प्रोग्रॅमर. ओझावा ही नामकोची संगीतकार. मग तिघांनी मिळून सही केली, एवढंच!

पण सहीला कुणी वाचत नाही. या नावांना वाचणारं कुणीतरी आहे. कोण, तर खुद्द गेम.

प्रोग्रॅमचा मशीन कोड उलगडत गेलं की सुरुवातीच्याच भागात एक छोटं वेटोळं सापडतं. यंत्र चालू झालं की गेम आपल्या कामाच्या मेमरीतली एक जागा बघतो आणि तिथली अक्षरं चिपमधल्या नावाशी एकेक करून ताडून पाहतो. एक जरी अक्षर चुकलं तरी तो समजतो की यंत्र आत्ताच, कोरं, चालू झालं आहे. मग सगळी जमवाजमव पहिल्यापासून करतो, हायस्कोअर २०,००० वर आणतो आणि शेवटी ती अक्षरं त्या जागी लिहून ठेवतो. सगळी अक्षरं जुळली तर त्याचा अर्थ वेगळा : यंत्र बंद झालेलं नाही, कुणीतरी फक्त रिसेटचं बटण दाबलंय. म्हणजे मेमरीतला हायस्कोअर खरा आहे, त्याला हात लावायचा नाही.

अशी उठाठेव का करायची? कारण फॅमिकॉमची कामाची मेमरी फक्त दोन किलोबाइट, आणि तिला विजेखेरीज काही धरून ठेवता येत नाही. वीज आली की त्या २,०४८ घरांत शून्यं असतील अशी खात्री नसते. वेडेवाकडे काहीही आकडे असतात. रिसेट दाबला तर मात्र वीज जात नाही, फक्त प्रोसेसरला पुन्हा पहिल्या पानावर आणलं जातं. मेमरीत मघाचं सगळं तसंच असतं. आता प्रोसेसरने कसं ओळखायचं की समोर दिसणारे आकडे हा कचरा आहे की आपलाच मघाचा हिशोब? त्याला भूतकाळ आठवत नाही. म्हणून अशी काहीतरी खूण ठेवायची, जी योगायोगाने उमटणं जवळजवळ अशक्य असेल. एका बाइटची खूण कचऱ्यात आपोआप जुळायची शक्यता २५६त एक. दोन बाइटांची ६५,५३६त एक. चार बाइटांना ती ४२९ कोटींत एक होते. आणि इथे तर आख्खं नाव आहे.

भारनियमनाच्या काळात वाढलेल्यांनी हा फरक बोटांनी अनुभवलेला आहे, कारण माहीत नसताना. रिसेट मारला तर हायस्कोअर राहायचा. ऐन रंगात आलेला डाव सोडून लाइट गेली की परत आल्यावर २०,०००. पोरं वीज मंडळाला शिव्या द्यायची. आत घडलेलं असायचं एवढंच, की ओकुबोचं नाव मेमरीतून पुसलं गेलेलं असायचं.

गंमत म्हणजे ते नाव ओकुबोचंच असायला हवं असं काही नाही. एडिटरमध्ये त्या सोळा घरांत दुसरं काहीही लिहा. गेम तेच मेमरीत लिहील, तेच ताडून पाहील, आणि पहिल्यासारखा चालेल. तेव्हा ही सही आहे की कुलूप, याचं उत्तर 'दोन्ही'. खूण कुठली तरी लागणारच होती, मग आपलीच नावं का नकोत, असं त्यांनी ठरवलेलं दिसतं. पुढे कॅसेटी छापणाऱ्या बेनामी मंडळींनी गेमच्या पहिल्या पडद्यावरची नामकोची ओळ पुष्कळदा पुसून टाकली. आतल्या तीन नावांना हात लावायचं त्यांना कारणच नव्हतं. पडद्यावर ती कधी दिसतच नाहीत.

मारिओने याच कामासाठी भावना आड येऊ दिली नाही. त्याची खूण एकच बाइट, ए५. जोडीला तो एवढंच बघतो की हायस्कोअरच्या सहा घरांतला प्रत्येक आकडा दहापेक्षा लहान आहे ना. हा हिशोब जरा सैल आहे, आणि त्या सैलपणातून जपानी पोरांनी एक अचाट गोष्ट शोधून काढली. मारिओ चालू असताना कॅसेट ओढून काढायची, तशीच निन्टेंडोची 'टेनिस' लावायची, रिसेट मारून कोर्टवर थोडं इकडेतिकडे चालायचं, मग पुन्हा मारिओ लावायचा आणि तिथे 'मेलो तिथून पुढे' हा पर्याय घ्यायचा. (यंत्र जळू शकतं. करू नका.) ए५ असलेल्या घराला टेनिसने हात लावलेला नसतो, म्हणून मारिओ समजतो की आपण नुसते रिसेट झालो. पण ज्या घरात मारिओ 'कितवं जग' हे लिहून ठेवतो, त्याच घरात टेनिस खेळाडूची पावलं मोजत असतो. जितकी पावलं, तितकं जग! जगं बनवलेली आठच. बाइटमध्ये मावतात २५६. नवव्या जगापासून पुढे मारिओ आपल्या यादीच्या बाहेरचे बाइट वाचतो, जे दुसऱ्याच कशासाठी तरी लिहिलेले असतात, आणि त्यांनाच नकाशा समजून त्यातून जग उभं करतो.

शाळेत ज्याच्या दंतकथा ऐकायला मिळायच्या ते 'मायनस वन' जगही असंच. पहिल्या जगाच्या दुसऱ्या लेव्हलमध्ये भिंतीतून आत घुसून चुकीच्या वेळी पाइपात उतरलं की गेम ३६ व्या जगात पाठवतो. अंक आणि अक्षरांच्या चित्रांत शून्य ते नऊ, मग ए ते झेड अशी छत्तीस चित्रं, आणि त्यापुढचं, म्हणजे ३६ नंबरचं, चित्र कोरं आहे. म्हणून पडद्यावर '३६-१' ऐवजी नुसतं '-१' दिसतं. उणे वगैरे काही नाही. आकड्याच्या जागी कोरी जागा छापली जाते, एवढंच.

हे सगळं उलगडणारा माणूस मशीन कोड वाचतो म्हणजे काय करतो, हे सांगलीच्या वालचंदमध्ये किंवा कराडच्या सरकारी इंजिनिअरिंग कॉलेजात शिकलेल्यांना फार समजवावं लागणार नाही. ८०८५ प्रोसेसरच्या किटवर प्रॅक्टिकल केलेल्या कुणालाही ३ई ०५, ०६ ०३, ८०, ७६ हे आकडे अजून पाठ असतात : पाच घे, तीन घे, बेरीज कर, थांब. गावकरांच्या जाडजूड पुस्तकातून ऑपकोड शोधायचे, वहीत उतरवायचे, आणि किटच्या छोट्या कळफलकावर एकेक करून दाबायचे. तिथे एक चूक हमखास व्हायची. शेवटचा ७६ विसरला की प्रोसेसर थांबायचा नाही. आपली बेरीज संपली तरी तो पुढच्या घरात शिरायचा. तिथे काय असायचं? किट मध्ये बंद झालं नसेल तर आधीच्या बॅचच्या कुणाचा तरी अर्धवट पुसलेला प्रोग्रॅम. आपल्या बेरजेच्या शेपटाला दुसऱ्याचा गुणाकार चिकटून भलतंच उत्तर यायचं. उरलेला कोड म्हणजे काय, याचा याहून चांगला धडा कुठल्या पुस्तकात नाही.

आणि यंत्राच्या दृष्टीने कोड आणि मजकूर यांत भेदच नाही. फॅमिकॉमचा प्रोसेसर ६५०२ या घराण्यातला. त्याला २० हा बाइट दिसला की तो समजतो : पुढच्या दोन बाइटांत दिलेल्या पत्त्यावर जा, तिथलं काम करून परत ये. पण रोमन लिपीच्या कोष्टकात २० म्हणजे कोरी जागा. ओकुबोच्या नावात आणि आडनावात जी फट आहे, ती प्रोसेसरने कोड म्हणून वाचली तर '४एफ४एफ या पत्त्यावर जा' असा हुकूम होतो, कारण आडनावाची पहिली दोन रोमन अक्षरं, ओ आणि ओ, म्हणजे ४एफ ४एफ. त्याहून मजा पहिल्या अक्षराची. नाव रोमन 'आर'ने सुरू होतं. त्याचा आकडा ५२. बाइटच्या २५६ किमतींपैकी ६५०२ला अधिकृत हुकूम आहेत १५१. उरलेल्या १०५ जागांसाठी काही ठरवलेलंच नाही, पण चिपमध्ये तारा आहेत म्हटल्यावर काहीतरी घडतंच. त्यातले बारा आकडे असे आहेत की ते वाचताच प्रोसेसर जागीच ठप्प होतो. रिसेटशिवाय हलत नाही. ५२ त्यांपैकी एक. तेव्हा चुकून जरी प्रोसेसर त्या नावावर चालत गेला, तर पहिल्याच अक्षराला आपटून पडेल. ८०८५मध्येही असंच आहे : अधिकृत ऑपकोड २४६, आणि उरलेले १० पुस्तकात नसले तरी चिपमध्ये चालतात. कित्येक बॅचेसनी ते चुकून दाबले असतील आणि किट बिघडलं म्हणून नोंदवलं असेल.

वाचायला कुठून सुरुवात करता यावरही अर्थ ठरतो. मारिओमधली वरखाली होणारी फळी आठवते? तिच्या कोडमधले हे सहा बाइट पाहा :

ए९ ०० २सी ए९ ०१ ४८

फळी खाली न्यायची तेव्हा प्रोसेसर पहिल्या बाइटपासून वाचतो. ए९ ०० : शून्य घे. पुढे २सी, म्हणजे 'पुढच्या दोन बाइटांच्या पत्त्यावर काय आहे ते नुसतं बघ'. ते दोन बाइट म्हणजे ए९ ०१. बघितलं, त्याचं काही केलं नाही, पुढे ४८ : हातातला आकडा, म्हणजे शून्य, बाजूला ठेव. फळी वर न्यायची असते तेव्हा प्रोसेसर थेट चौथ्या बाइटवर उतरतो. आता तेच ए९ ०१ पत्ता राहत नाही, हुकूम होतो : एक घे. मग ४८ : ठेव. म्हणजे एका वाटेने आलेल्याला जे दोन बाइट अडगळ वाटतात, तेच दुसऱ्या वाटेने आलेल्याचं सगळं काम करतात. आणि ही करामत केली कशासाठी? एकदोन बाइट वाचवण्यासाठी. चाळीस किलोबाइटच्या गेममध्ये तेवढ्यासाठीही माणसं डोकं चालवत होती.

मग अमुक कोड मेलेला आहे हे ठरवायचं कसं? हौशी शोधकांकडे त्यासाठी एक छान हत्यार आहे. एफसीईयूएक्ससारख्या एम्युलेटरमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरवर फॅमिकॉमची नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, गेम चालवायचा, आणि प्रत्येक बाइट हुकूम म्हणून चालला की माहिती म्हणून वाचला गेला याची खूण आपोआप होत राहते. पहिल्यापासून शेवटपर्यंत खेळायचं, मरायचं, दोघांनी खेळायचं, नकाशा बांधायचा, सगळं करायचं. शेवटी ज्या बाइटांवर खूण नाही ते संशयित.

'बॅटल सिटी'त असा एक संशयित ऐवज आहे. पस्तीसच्या पस्तीस लेव्हल पार करा, त्याला कुणी शिवत नाही. पण त्या कोडला बोलावतं कोण, असं उलट्या दिशेने माग काढत गेलं की पत्ता गेमच्या पहिल्या पडद्यावर निघतो. तिथून नकाशा बांधायच्या पडद्यात ठरावीक वेळा आत-बाहेर करायचं, मग एका रिमोटवर एक बटण दाबून धरून दुसऱ्या रिमोटवर ठरावीक वेळा दुसरं बटण मारायचं, मग तेच वेगळ्या बटणांनी, आणि शेवटी स्टार्ट. योगायोगाने हे कुणाच्या हातून घडणं नाही. घडलंच, तर काळ्या पडद्यावर मजकूर येतो : हा प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने स्वतःसाठी घेतलेलं एक टोपणनाव, आणि तो नोरिकोवर प्रेम करतो अशी कबुली. नावं कुलपात, प्रेम तळघरात! कंपनीच्या तपासणीतून हे सुटलं, लाखो कॅसेटींत छापलं गेलं, त्यांच्या नकला झाल्या, नकलांच्या नकला झाल्या. तिकडे तो कोड मुळीच मेलेला नव्हता. त्याला कुणी हाक मारली नव्हती.

खरोखर मेलेल्या गोष्टीही असतात, आणि त्या कधीकधी सिलिकॉनमध्ये कोरलेल्या असतात. ६५०२ला बेरीज दोन प्रकारे येते : एक यंत्राची नेहमीची, दुसरी दशमान पद्धतीची, दुकानदाराच्या हिशोबासारखी. फॅमिकॉमच्या चिपमध्ये ती दुसरी चालत नाही. चालू करायचा हुकूम दिला तर तो निमूट स्वीकारला जातो आणि बेरीज मात्र पहिल्यासारखीच होते. पुढे लोकांनी चिप आम्लाने उघडून सूक्ष्मदर्शकाखाली फोटो काढले, तेव्हा दिसलं की दशमान बेरजेची जुळणी आत जवळपास जशीच्या तशी आहे. फक्त मोजक्या जोडण्या तोडल्यात. पेटंटच्या भानगडीतून सुटण्यासाठी हे केलं असं मानलं जातं. म्हणजे टँक खेळणाऱ्या प्रत्येक अस्सल यंत्रात एक न वापरलेला हिशोबनीस कोंडून ठेवलेला होता.

काढून का टाकत नाहीत, हा प्रश्न इथे सहज पडतो. चिपच्या बाबतीत उत्तर सोपं आहे : आख्खी आखणी पुन्हा करण्यापेक्षा चार तारा तोडणं स्वस्त. प्रोग्रॅमच्या बाबतीतही तसंच. मधले पन्नास बाइट उडवले की पुढचं सगळं पन्नास घरं मागे सरकतं, पत्ते बदलतात, आणि चालणारा गेम नव्याने तपासावा लागतो. सोमवारी माल कारखान्यात द्यायचा असताना शनिवारी असला उद्योग कोणताही शहाणा प्रोग्रॅमर करत नाही. तो फक्त त्या खोलीकडे जाणारं दार काढून टाकतो, खोली राहते. 'ग्रँड थेफ्ट ऑटो : सॅन अँड्रियास'च्या कर्त्यांनी एक प्रौढ प्रसंग असाच आत ठेवून दार बंद केलं होतं. २००५ मध्ये पॅट्रिक विल्डेनबोर्ग या डच माणसाने ते दार उघडून दाखवलं, आणि अमेरिकेत त्या गेमला थेट 'फक्त प्रौढांसाठी' असा शिक्का बसला.

टँकमध्ये राहिलेली वस्तू त्यामानाने निरुपद्रवी आहे. बक्षिसांची चित्रं आठवा : तारा, फावडं, घड्याळ, हेल्मेट, हातबॉम्ब, रणगाडा. चिपच्या चित्रांच्या भागात यांच्या शेजारीच आणखी एक चित्र पडून आहे, पिस्तुलाचं. त्याच आकाराचं, त्याच पद्धतीने रेखाटलेलं. पण नामकोच्या गेममध्ये ते कधीच मिळत नाही. बहुधा विचार झाला, चित्र काढून झालं, आणि कुठल्यातरी टप्प्यावर बेत बारगळला.

जपानने टाकून दिलेलं हे पिस्तूल उचललं कॅसेटचोरांनी. 'टँक १९९०' या नावाने 'बॅटल सिटी'ची जी फिरवलेली आवृत्ती त्यांनी बनवली, तिच्यात दोन नव्या गोष्टी मिळायच्या : एक होडी, जी घेतली की रणगाडा पाण्यावरून जायचा, आणि दुसरं हेच पिस्तूल, जे घेतलं की रणगाडा एका झटक्यात सगळ्यात ताकदवान व्हायचा आणि पोलादसुद्धा फोडायचा. '९९९९ इन १'च्या यादीत ही आवृत्ती कुठेतरी असायची. ज्या नंबरावर ती लागते तो नंबर मिरजेच्या एका गल्लीतून दुसऱ्या गल्लीत, आत्याच्या घरून साताऱ्याला, कागदाच्या चिठोऱ्यावर लिहून जायचा. अस्सल कॅसेट विकत घेऊन खेळणाऱ्या टोकियोतल्या पोराला ते पिस्तूल कधी मिळालं नाही.